आप्पा, मी ते पुसलं नव्हतं

आप्पा, काल तुमचं तेरावं झालं. गोडाचं जेवण उरकलं, पाहुणे आपापल्या गाड्यांनी गेले, आणि घरात माझ्याशी कोणी धड बोलत नाही. तुमच्या बहीण आत्याबाई त्यांच्या गावी, राहूला परत निघाल्या तेव्हा मी पाया पडायला वाकले, तर त्या पिशवीचे बंद आवळत राहिल्या. तुमचे चिरंजीव कालपासून माझ्याकडं पाठ करूनच बसतात. म्हणून आज सकाळी सरळ दुकानात येऊन बसले. मशीनवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लावलाय, तो छापून व्हायला तास-दीड तास जाईल. तेवढ्यात तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे.

दौंडच्या दवाखान्यात तुम्ही मला विचारलंत, "पुसलंस का?" मी म्हटलं, "पुसलं." आप्पा, मी ते पुसलं नव्हतं. आणि आता हे जिथं लिहितेय ते तेच आहे. माझा ब्लॉग. तो चालू ठेवायचा का बंद करायचा, यावरून तुमच्या मागं घर तुटायची वेळ आलीय.

इथं वाचणाऱ्यांना तुम्ही कोण हे आधी सांगते. आप्पा म्हणजे माझे सासरे, शिरूरचे आप्पा पेंटर. शिक्रापूरपासून घोडनदीच्या पुलापर्यंत हायवेला जेवढे ढाबे, गॅरेजं, रसवंत्या, त्यातल्या निम्म्यांच्या पाट्या ह्यांच्या हातच्या. नुसता रंग नव्हे. नाव ठेवायलाही लोक ह्यांच्याकडंच यायचे. "आप्पा, हाटील टाकतोय, नाव सांगा." तुम्ही आधी त्याला बसवून घ्यायचात, आईचं नाव विचारायचात, गाव विचारायचात, मग दोन दिवस लावून नाव द्यायचात. आणि पाटीच्या खालच्या कोपऱ्यात, बोटभर जागेत, "आप्पा" लिहायचात. रंग संपत आला तरी तेवढ्यापुरता शिल्लक ठेवायचात.

मग फ्लेक्स आला. वर्ष-दीड वर्षात बाजारपेठेतल्या पाट्या छापील झाल्या आणि तुमचे ब्रश रॉकेलच्या डब्यात उभे राहिले. आणि त्याच वर्षी मी, तुमची सून, शकीलभाईंच्या फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायचं म्हणाले. ह्यांनी, तुमच्या चिरंजीवांनी, तर थयथयाट केला. "बापाचा धंदा ज्यानं बसवला त्याच्याच दारात?" तुम्ही भाकरी मोडत होतात. मान वर न करता म्हणालात, "जाऊ दे रं दत्ता. धंदा बुडायचा त्यो बुडालाच हाय. घरचं माणूस तिथं असंल तर निदान अक्षर तरी नीट पडंल." एवढ्या एका वाक्यावर मी घराबाहेर पडले, आप्पा. ते उपकार मी विसरले नाही. विसरले असते तर आज एवढा जीव जाळला नसता.

आठ-दहा दिवसांनी तुम्ही दुकानात आलात. कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ वाकलात, चष्मा वर केलात. "ह्या दोन अक्षरांत येवढी जागा कशापायी? भांडून बसल्यावानी दिसतात की." शकीलभाई हसले. मी मात्र तेव्हापासून कुठलंही नाव छापायच्या आधी चार पावलं मागं जाऊन बघते. कॉम्प्युटरच्या कोर्सला फी भरली, पण हे त्यांना शिकवता आलं नाही.

ब्लॉग सुरू झाला तोही याच खुर्चीत. मशीन छापत असतं, मला नुसतं बसून राहायचं. नेट होतं, त्यावर लोकांचं वाचायला लागले. कोणी परदेशात बसून पोह्यांवर लिहितंय, कोणी पुण्यात बसून मांजरावर. काहीही! म्हटलं, मग मला काय धाड भरलीय? कागद नको, संपादक नको, कुणाला विचारायला नको. पण पहिल्याच पानावर अडकले. काय लिहिणार हे कुणी विचारतच नाही, आधी नाव सांग म्हणतं. नाव टाकल्याशिवाय पुढंच जाऊ देत नाही.

आणि नावं ठेवणारा माणूस तर माझ्या घरातच. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही ओट्यावर दाढी करत होतात.

"आप्पा, एक नाव पायजे."

"कुणी दुकान टाकलं का?"

"दुकान न्हाई. वही समजा. कॉम्प्युटरवर असती, कुणीबी उघडून वाचावी."

"आन् त्यात काय असणार?"

"काय बी. मनाला येईल ते."

वस्तरा गालावर तसाच थांबला. "काय बी इकणाऱ्या दुकानाला नाव ठिवणं लई अवघड, बाई. किराणा म्हणता येत न्हाई, कापड म्हणता येत न्हाई." पण खुललात. किती दिवसांनी तुम्हाला काम मिळालं होतं! दोन दिवसांनी बघते तर परसदाराच्या फळीवर खडूनं नावंच नावं. 'ज्ञानदीप', 'अक्षरधारा', 'मनमोर'. आणि सगळ्यांच्या खाली, दुहेरी रेघ मारून, 'सुवर्णाक्षर'. मला हाताला धरून नेलंत. "ह्ये बघ. तुझं नावबी आलं, आन् कामबी आलं. असं नाव सापडाया नशीब लागतं." तुमचा चेहरा बघून मला नको म्हणवेना. मी म्हटलं, "छान आहे."

हे माझं पहिलं खोटं. दवाखान्यातलं दुसरं.

सुवर्णा हे नाव तुम्हीच मला दिलं होतंत. मी माहेरची कासुर्डीची छबू. आईनं ठेवलेलं, शाळेच्या दाखल्यावरचं, विहिरीवरून हाक मारली की शेजारच्या रानापर्यंत जाणारं. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्यानं अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायची वेळ आली. पण तुमच्या चिरंजीवांचं अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यावानी. तुम्ही पुढं झालात, त्यांच्या हातातली अंगठी काढून घेतलीत आणि स्वतः लिहिलंत. सुवर्णा. मांडवातली माणसं वाकून वाकून बघत होती. काय अक्षर, काय वळण! मीही बघत होते. एवढं देखणं नाव मी पुन्हा कुठं पाहिलं नाही, खरंच सांगते. पण हाटीलवाल्याला तुम्ही बसवून घेऊन आईचं नाव, गाव विचारत होतात. मला कुणी एका शब्दानं विचारलं नाही, की बाई, चालंल का.

म्हणून त्या रिकाम्या चौकटीत मी 'सुवर्णाक्षर' टाकलं नाही. बोटं आपोआप वळली वगैरे काही म्हणणार नाही. चांगला विचार करून टाकलं. 'छबूचं काहीबाही'.

तुम्ही दोनदा विचारलंत, "लागली का पाटी?" मी म्हटलं, "अजून काम चाललंय." इकडं मी लिहीत सुटले होते. चौफुल्याला गाडीची वाट बघताना भेटलेली बाई, लोडशेडिंगमध्ये केलेल्या पुरणपोळ्या, फ्लेक्सवर फोटो मोठा का छोटा यावरून झालेली भावकीतली हाणामारी. आणि एक लेख त्या तांदळातल्या नावावर. त्यात तुमच्या अक्षराचं कौतुक होतं आणि कुणी विचारलं नाही हेही होतं. वाटलं, शिरूरमध्ये हे वाचतंय कोण?

आपल्याकडं एखाद्याचं जरा काही बरं झालं की चौकात फ्लेक्स लागतो. निवड झाली, लाव. नवा ट्रॅक्टर आला, लाव. दहावीला पोरगं पास झालं, लाव. शकीलभाई मनानं फार चांगला माणूस, आणि तीच तर पंचाईत झाली. माझ्या ब्लॉगवर कुणा परक्या माणसानं दोन ओळी कौतुकाच्या लिहिल्या, त्या मी हौसेनं त्यांना दाखवल्या. दुसऱ्या दिवशी मी दुकानात यायच्या आधी त्यांनी दहा बाय सहाचा फ्लेक्स बाजार चौकाच्या भिंतीवर ठोकून मोकळा केला. माझा पासपोर्टचा फोटो परातीएवढा. 'आमच्या सुवर्णावहिनी यांनी इंटरनेटवर छबूचं काहीबाही हा ब्लॉग सुरू केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक, समस्त मित्रपरिवार.' मला बघून दोन्ही हात पसरले, "वहिनी, सरप्राइज!"

ती भिंत कुठली, हे शकीलभाईंच्या ध्यानात आलं नाही. वीस वर्षं तिच्यावर तुमची पाटी होती. मी फ्लेक्स उतरवायला लावला, पण तोवर तुम्ही भाजी आणायला चौकातून जाऊन आला होतात.

घरी आले तर तुम्ही ओट्यावर, आणि ह्यांच्या हातात कागद. कुणीतरी नेटवरून तो तांदळाचा लेख छापून दिला होता. ह्यांनी तो तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवला होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"छबू कोण?" तुम्ही विचारलंत.

"मी."

"ह्या घरात छबू नावाचं कुणी ऱ्हात न्हाई."

मी तिथं गप्प बसायला पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी बोलले असते, चहा देऊन बोलले असते, तर वेगळं झालं असतं. पण माझी जीभ तुम्हाला माहितीय. "आप्पा, तुम्ही लोकांच्या पाटीवर कोपऱ्यात तुमचं नाव टाकता. मी माझ्या पाटीवर माझं टाकलं तर कुठं बिघडलं?"

"त्ये माझं काम हाय! काम केलंय म्हणून नाव टाकतो."

"हे पण कामच हाय माझं."

तुम्ही उठून उभे राहिलात. मला वाटलं ओरडाल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तुमचा आवाज एकदम खाली गेला. "म्या दिल्यालं नाव वाईट हुतं का गं?"

आणि मी म्हटलं, "वाईट नव्हतं. माझं नव्हतं."

आप्पा, ते खरं होतं. आजही खरं आहे. पण मी ते ज्या तोऱ्यात म्हटलं, तो तोरा मला परत घ्यायचा होता. तुम्ही वेळच दिला नाहीत. दुपारच्या गाडीनं पिशवी घेऊन राहूला बहिणीकडं निघून गेलात. मी फोन केला की आत्याबाई म्हणायच्या, "झोपलाय." सकाळी झोपलाय, दुपारी झोपलाय. दोन महिने! एवढा झोपणारा माणूस मी बघितला नाही. मलाही राग होताच की. म्हटलं, बसा रुसून. दिवाळीला येतीलच.

दिवाळीच्या आधीच आत्याबाईंचा उलटा फोन आला. छातीत पाणी झालंय, दौंडला हलवलंय. मी न्हावऱ्यावरून चौफुला गाठला, तिथून दौंड. वाटभर काय बोलायचं ते जुळवत होते. आधी माफी मागायची, मग समजावून सांगायचं, की आप्पा, तुमचं नाव टाकून दिलं नाही मी, रेशनकार्डावर तेच आहे, घरात तेच आहे, फक्त एक जागा मला माझ्या नावाची हवीय. सगळं पाठ करून गेले होते.

भेटायची वेळ चार ते पाच. तुम्ही उशीत पार बुडाला होतात. नाकातली नळी बाजूला करून विचारलंत, "त्ये छबूचं... पुसलंस का?"

एक तास होता माझ्याकडं. दारात आत्याबाई उभ्या, खिडकीशी हे उभे. तुमच्या छातीचा भाता वर-खाली होत होता. आणि मी घाबरले. खरं बोलले आणि तुम्हाला इथंच काही झालं तर?

"पुसलं, आप्पा."

तुम्ही माझ्या मनगटावर हात ठेवलात. दोन महिन्यांनी पहिल्यांदा हाक मारलीत. "बरं केलंस, सुवर्णा." मग पाणी मागितलंत, मी चमच्यानं पाजलं. त्या तासाभरात तुम्ही मला जेवढी माया दिलीत तेवढी दहा वर्षांत दिली नव्हती, आणि ती सगळी मी खोटं बोलून घेतली. परत येताना एसटीत मला रडूही आलं नाही, नुसती शरम वाटत होती. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

आता दहाव्याचं सांगते, कारण तिथं तुम्ही होतात की नव्हतात हे मला कळलं नाही.

घोडनदीच्या काठावर पिंड मांडला आणि कावळा शिवेना. झाडावर सहा-सात बसलेले. एक खाली आला, तिरका तिरका चालत जवळ आला, बघितलं आणि उडून गेला. ऊन चढायला लागलं. मग आपल्याकडची रीत, मेलेल्या माणसाचं मन कशात अडकलंय ते हुडकायचं आणि मोठ्यानं शब्द द्यायचा. आत्याबाई हात जोडून म्हणाल्या, "आप्पा, तुझं ब्रश कुणाला देत न्हाई रं." काही नाही. हे म्हणाले, "तुमची खोली हाय तशीच ठेवू." काही नाही. भावकीतलं कुणी म्हणालं, गोडधोड राहिलं असंल. पेढा ठेवला. काही नाही.

आणि मग हे माझ्याकडं वळले. सगळ्यांच्या माना वळल्या. "सुवर्णा, तू बोल. पुसलं म्हणून दवाखान्यात सांगितलं व्हतंस ना? परत एकदा मोठ्यानं सांग. त्यांच्या कानावर जाऊ दे."

आप्पा, एक शब्द बोलायचा होता. दवाखान्यात बोललेलाच. कावळा आला असता तर सगळे सुटले असते, नसता आला तरी माझ्यावर बोट आलं नसतं. गुरुजीसुद्धा माझ्याकडं बघत होते. जित्या माणसाशी खोटं बोलले ते भीतीनं बोलले. पण दहा दिवसांनी, हात जोडून, अख्ख्या गावासमोर तुमच्याशी पुन्हा तेच बोलायचं? माझ्यानं नाही झालं.

"न्हाई पुसलं," मी म्हटलं. "तवाबी पुसलं नव्हतं."

आत्याबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, मरत्या माणसाला फसवलंस?" ह्यांचा चेहरा मला बघवला नाही. कावळा तर आलाच नाही. गुरुजींनी घड्याळ बघितलं, दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि म्हणाले, चला. माणसं माझ्यापासून चार हात लांबून चालत गावात आली.

त्या दिवसापासून घरात एकच वाक्य फिरतंय. काल पंगती उठल्यावर मी ह्यांना स्पष्ट सांगितलं, की तुम्हाला काय बोलायचं ते बोला, मी ब्लॉग बंद करणार नाही. ते भांडले नाहीत. नुसतं तेच परत म्हणाले, "आप्पा उपाशी गेलं, सुवर्णा." कावळ्याचं खरं-खोटं मला कळत नाही, पण उपाशी हा शब्द ऐकल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

आज सकाळी शकीलभाई दारातच भेटले. फ्लेक्सपायी झालं म्हणून त्यांचे डोळे भरून आले. मग हळूच म्हणाले, "वहिनी, एक सांगू? नाव बदलून टाका. हे बंद झालं म्हणून घरी सांगा आन् दुसऱ्या नावानं चालू करा. कोण बघतंय? आप्पांचा पण मान राहील, तुमचं पण काम होईल." माणूस भल्याचंच सांगत होता. मी म्हटलं, "शकीलभाई, नाव एकदा बदललंय माझं. आता न्हाई."

तर आता तुम्हाला सांगायचं ते एवढंच, आप्पा. तुमच्यावर माझी माया होती आणि तुमचा मला रागही होता, आणि दोन्ही अजून आहे. शिरूरच्या सबंध बाजारात मला बाहेर पडू देणारे तुम्ही एकटेच होतात आणि मला न विचारता माझं नाव बदलणारेही तुम्हीच. दवाखान्यातल्या त्या तासात मी घाबरले नसते तर आपण भांडलो असतो, कदाचित तुम्ही माझं तोंड बघायचं नाही म्हणाला असतात, पण निदान खऱ्यानं गेला असतात. ते मी तुमच्याकडून काढून घेतलं.

हे पान मी आज लावतेय. ह्यांना छापून देणारं कुणीतरी भेटेलच.

खोटं बोलल्याची माफी मागते, आप्पा. नावाची नाही मागत.

छबू